आंबेटोल्याच्या तळ्यातली ओहोटी

"गेटवे इकडं नाही, तिकडं पाहिजे. आणि समोर पाणी पाहिजे, चिखल नाही," सूरज कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"मंग तूच कर ना. सकाळपासून निरा बोट दाखवून राह्यला," रंजीतानं हातातला मातीचा गोळा त्याच्या पायाशी आपटला.

सूरज तिचा चुलतभाऊ. त्याचे बाबा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत सूरज आंबेटोल्याला काकांकडे आला होता. मे महिन्यात तो चार दिवस मुंबई पाहून आला होता. तेव्हापासून कुठलाही विषय निघो, गाडी मुंबईलाच जाऊन थांबायची. भात वाढलं तरी तो म्हणायचा, "मुंबईत आम्ही एका ठिकाणी..."

आंबेटोल्यात शाळकरी पोरांपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. शेवटी रंजीताच्या आठ वर्षांच्या भावानं, सोनूनं तोडगा काढला होता, "सूरजदादा, तू बोलतच राह्यतं. एकदा करूनच दाखव ना मुंबई."

म्हणून गावाकडच्या कोपऱ्यात, तळ्याच्या काठावर, दोन दिवसांपासून मुंबई उभी राहत होती. मातीचा गेटवे झाला. करंजीच्या बियांचा मरीन ड्राइव्हचा राणीचा हार झाला. बांबूच्या काड्या आणि सुतळी घेऊन सागरी पूल झाला. तो दर तासाला पडत होता. पाण्यात दहा हातांवर एक काळा धोंडा होता, ती घारापुरी. आणि काठाजवळच्या लहान दगडावर हाजी अली. तिथवर जायला खड्यांची चिंचोळी वाट केली होती.

"ही वाट पाण्याखाली ठेवायची, दोन बोटं," सूरजनं बजावलं. "भरती आली की ती बुडते. मग आतले आत, बाहेरचे बाहेर. ओहोटी लागली की पुन्हा उघडी."

सोनूला हे फार आवडलं. रंजीताचं मात्र लक्ष नव्हतं. तिची नजर सारखी पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाकडे जात होती. तिथे तिचे बाबा, इस्तारी, गुडघ्यांना मिठी मारून बसले होते.

आंबेटोला आरमोरीहून सात किलोमीटरवर. तळं फार जुनं, मालगुजार जमीनदारांच्याही आधीचं. त्याच्या पाळीवर बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट. तळ्यातले मासे गावातल्या ढिवरांच्या, मासे धरणाऱ्या लोकांच्या, सोसायटीचे. श्रावणात सगळे मिळून तळ्यात बोटुकली सोडायचे, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. आणि होळीपर्यंत एका घरानं तळं राखायचं. यंदा राखण इस्तारीकडे होती.

आणि यंदाच तळं उतरू लागलं होतं. आठ दिवसांत हातभर. धान कापून शेतातल्या बांध्यांत वाळत पडलेलं, पाणी कोणाला नको होतं. मग ते जात कुठे होतं? गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे इस्तारी झोपतो, कोणी म्हणे इस्तारीच कोणासाठी तरी पाणी सोडतो. रविवारी सोसायटीची बैठक होती. राखण काढून घेतली, तर त्या घराला पुढची पाच वर्षं जाळ्याला हात लावता येत नसे. रंजीताच्या आजोबांनी तीन वेळा तळं राखलं होतं आणि एक मासा कमी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवून परत आल्यावर सोनू ओरडत आला, "ओहोटी आली! हाजी अलीची वाट सुकली!"

खरंच, खडे उघडे पडले होते. सूरज हसला. "अरे, ओहोटी समुद्राला येते. चंद्र पाणी ओढतो म्हणून. एवढ्याशा तळ्याला चंद्र कशाला ओढेल?"

"मंग कोन ओढून राह्यलं?" रंजीतानं विचारलं.

सूरजचं हसू थांबलं. त्यानं वाटेकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "सकाळी अकराला मी पाहिली तेव्हा बुडालेली होती," तो हळूच म्हणाला.

"बाबा म्हंते, खेकड्यायनं पाळ पोखरली असन," सोनू म्हणाला.

तिघं पाळीच्या पाठीमागच्या उतारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. खेकड्यांची बिळं होती, पण सगळी कोरडी. पाळीमागच्या पाटात ओल होती, पण ती तर नेहमीचीच. रंजीता प्रत्येक बिळात हात घालून बघत होती.

"चावेल ना," सूरज म्हणाला.

"चावू दे. खेकडा चावला तं हात दुखते. परवाच्या बैठकीत जे चावन, ते निघत नाई."

संध्याकाळी त्यांनी घारापुरीच्या धोंड्याला कोळशानं रेघ मारली. शनिवारी सकाळी सातला पाणी रेघेवरच होतं. दहाला रेघेवर, बाराला रेघेवर. म्हणजे उन्हानं आटत नव्हतं, रात्रीही जात नव्हतं. साडेबाराला बाबा जेवायला घरी गेले. रंजीताची आई, गिरजा, तिला आणि सूरजलाही हाका मारत होती. सोनूला मुरमुऱ्याची पुडी देऊन त्यांनी पाण्यावर नजर ठेवायला पाळीच्या वळणावरच्या बेशरमीच्या झुडपात बसवलं.

दोनला परत आल्या आल्या रंजीतानं धोंडा पाहिला. पाणी रेघेखाली दोन बोटं गेलं होतं.

सोनू झुडपातून बाहेर आला. मुरमुरे तसेच होते.

"मंगरू," तो म्हणाला. "तो धनराजभाऊचा मुकादम. तुडुमाजवळ पान्यात उतरला अन् पायानं चाचपून खुटा काढला. मंग बिडी पेत बसला. बाबा वापस याच्या आंधी खुटा ठोकला अन् गेला."

तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायची दगडी मोरी. तिला आतून एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडी खुटा ठोकलेला असतो. भोकासमोर सोसायटीनं जाळी लावली होती, मासे जाऊ नयेत म्हणून. तिघं धावत गेली. जाळी शेवाळासकट काठावरच्या झुडपात फेकलेली होती.

"पण कशासाठी?" सूरजनं विचारलं.

रंजीतानं बोट दाखवलं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला लोखंडी सळया उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ नवी पाटी होती: 'आंबेटोला तलाव. भेट द्यावेच असे ठिकाण.' धनराजभाऊ ठेकेदार तिथे सेल्फी काढायचा चौथरा बांधत होता. चौथऱ्याच्या पायव्याचे खड्डे तळ्याच्या कडेला होते आणि आठवड्यापूर्वी ते पाण्यानं भरलेले होते. आता कोरडे पडत आले होते.

"तळं पाहायला लोक यावे म्हणून हा तळंच रिकामं करतोय?" सूरज थक्क झाला.

रंजीतानं बाबांना सगळं सांगितलं.

"उद्या हे मी बैठकीत सांगतलं, तं लोक म्हंतीन इस्तारीनं लेकरं पढवली," इस्तारी म्हणाला. "धनराज मोठा मानूस आहे. आपले लोक पान्यावर जगते, बाई. त्यायले पान्यानंच सांगतलं पाह्यजे. ऐकून नाई मानणार."

रात्रभर रंजीता कूस बदलत राहिली. पहाटे तिनं सूरजला हलवून उठवलं. "ऊठ. मुंबई दुरुस्त कराची आहे."

हाजी अलीची वाट त्यांनी नव्यानं घातली. या वेळी दोन बोटं नाही. वाटेवर कागदाच्या जाडीएवढंच पाणी राहील इतकी उंच. मग रंजीतानं घरचा मासे धरायचा बांबूचा सापळा उचलला, पाळीमागच्या पाटात, तुडुमाच्या तोंडाशी घट्ट बसवला आणि वर गवत टाकलं.

बैठक समाजमंदिरात साडेअकराला सुरू झाली. सोसायटीच्या अध्यक्षा शकुबाई मध्ये बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण नजर बगळ्यासारखी. धनराजभाऊलाही बोलावलं होतं, कारण ग्रामपंचायतीत त्याचं वजन होतं.

"राखणदार जागा पाह्यजे," धनराजभाऊ सांगत होता. "चौथरा झाला का नागपूरचे पाहुणे येतीन. तळ्यात पानीच नसन तं काय दाखवाचं?"

इस्तारी खाली मान घालून बसला होता. रंजीता दारातून उठली.

"शकुआजी, ठरवाच्या आंधी आमची मुंबई पाहून घ्या ना. सूरज उद्या जाते. मंग कोन समजावून सांगन?"

"हे काय बैठकीत?" कोणीतरी वैतागलं.

पण धनराजभाऊ खूश झाला. "अरे चला, चला. याले म्हंते पर्यटन! लेकरायले समजलं, मोठ्यायले समजून नाई राह्यलं." आणि तोच सगळ्यांच्या पुढे निघाला. मंगरूला आज काम बंद ठेव म्हणून सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. राखणदार दिसेनासा झाला की खुटा काढायचा, एवढंच मंगरूला ठाऊक.

गावाकडच्या कोपऱ्यातून तुडूम दिसत नव्हतं, मध्ये पाळीचं वळण आणि बेशरमीची दाटी होती. वीस-पंचवीस माणसं मुंबईभोवती उभी राहिली.

"हा गेटवे ऑफ इंडिया," सूरजनं काठी टेकवली. "इथून बोटीनं घारापुरीला जातात. तासभर लागतो. तिथं दगडात कोरलेली लेणी आहेत. आणि ही हाजी अलीची वाट. आत्ता भरती आहे, म्हणून पाण्याखाली. नीट पाहून ठेवा."

शकुबाईंनी वाकून पाहिलं. "हो, आहे पान्याखाली."

सूरजनं राणीचा हार दाखवला. सागरी पूल दाखवला, तो पडला, पुन्हा उभा केला. संग्रहालय झालं. रंजीता वाटेकडे बघत होती. पाणी तसंच चकाकत होतं. आज मंगरू आलाच नाही तर? सूरजकडची ठिकाणं संपत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं हळूच मान हलवली: अजून बोल.

"आणि... आणि राणीच्या बागेत पेंग्विन आहेत."

"ते काय?" शकुबाईंनी विचारलं.

"पक्षी. काळा कोट घातल्यासारखा. त्याला बर्फासारखी थंडी लागते."

"मुंबईत थंडी कुठी?"

"त्याच्यासाठी एसी लावलाय, आजी."

"पाह्य बापा. वीज तुमच्याइथी होते, अन् वारा पेंग्विन खाते. आमचा पंखा दोन दिवसापासून बंद."

सगळे हसले. सूरजनं पेंग्विन काय खातो ते सांगितलं, कसा चालतो ते चालून दाखवलं. शकुबाई हसता हसता थांबल्या. त्या बोटानं दाखवत होत्या.

"ही वाट मघा पान्यात होती."

खडे उघडे पडले होते. एकेक, ओले, उन्हात चमकणारे.

ही सगळी पाण्यातली माणसं. एका म्हाताऱ्यानं वाकून काठाच्या ओल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"ऊन केवढं आहे," धनराजभाऊ म्हणाला.

"उन्हानं अर्ध्या घंट्यात एवढं नाई आटत," शकुबाई म्हणाल्या. "तळं सुटलं आहे. आत्ता. अन् इस्तारी माह्या बाजूले उभा आहे."

त्या काठी टेकत पाळीवर चढल्या आणि सगळा गाव त्यांच्या मागे. वळण ओलांडलं तर तुडुमावर मंगरू पाय सोडून बसलेला, तोंडात बिडी. एवढी माणसं पाहून तो उभा राहिला आणि धनराजभाऊला म्हणाला, "मालक, तुमी काऊन आले? रोजच्यासारखं दोनलेच बंद कराचं आहे ना?"

धनराजभाऊचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

रंजीता पाळीमागे उतरली आणि तिनं पाटातलं गवत बाजूला केलं. सापळ्यात वीतभर लांबीचे रोहू, कटला तडफडत होते. तिनं आणि सोनूनं ते ओंजळीओंजळीनं बादलीत घेतले. तोवर इस्तारीनं कपड्यांसकट उडी घेतली होती आणि खुटा ठोकून बंद केला होता. पाटातलं पाणी हळूहळू गप्प झालं.

"मासे जातीन हे माह्या ध्यानातच आलं नाई, शकुबाई," धनराजभाऊ पुटपुटला. "पायवा लवकर उरकाचा होता. जाळीत शेवाळ अटकत होतं, म्हनून काढाले सांगतली."

"अन् इस्तारीवर बोट दाखवताना ध्यानात आलं होतं का?" शकुबाईंनी विचारलं. "तुझा चौथरा चैतात बांधजो, तळं आपल्यानं उतरते तवा. जाळी आजच लावून देजो, अन् जेवढी बोटुकली गेली तेवढी तूच आनून सोडजो. आता लोकायसमोर इस्तारीले काय म्हनाचं ते म्हन."

धनराजभाऊनं हात जोडले. इस्तारीनं ओल्या कपड्यांनिशी नुसती मान हलवली. त्याचं लक्ष तळ्याकडे होतं.

"राखण इस्तारीकडंच," शकुबाईंनी जाहीर केलं. मग त्या पोरांकडे वळल्या. "आमी आठ दिवस मानसायच्या तोंडाकडं पाहत होतो. या लेकरायनं पान्याकडं पाह्यलं. ढिवराची जात आमची, अन् शिकवलं आमाले यायनं."

सूरज लाजला. सोनू अजिबात लाजला नाही.

पण बाबांचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता, आणि का ते रंजीताला माहीत होतं. आठ दिवस तुडूम जाळीशिवाय वाहत होतं. तळ्यात आता उरलं काय?

उन्हं उतरल्यावर इस्तारीनं डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, पाण्यात सोडला. रंजीता पुढे बसली, मांडीवर कोंड्याची टोपली घेऊन. काठावर शकुबाई, आई, सगळे उभे होते. तळ्याच्या मध्यावर बाबांनी बांबू रोवून डोंगा थांबवला.

"टाक," ते म्हणाले.

तिनं मूठभर कोंडा फेकला. तो पाण्यावर पसरला आणि तसाच तरंगत राहिला. एक बुडबुडा आला. मग काहीच नाही. बाबांनी श्वास रोखल्याचं तिला पाठीमागून कळलं. तिनं दुसरी मूठ टाकली.

पाणी एका ठिकाणी हललं. मग दुसरीकडे. मग डोंग्याच्या चारही बाजूंनी पाणी उकळल्यासारखं उसळलं. तोंडंच तोंडं, गोल, लालसर, एकमेकांना ढकलणारी. एक रोहू तर सरळ उडून टोपलीवर आपटला आणि कोंडा रंजीताच्या नाकातोंडात गेला.

ती खोकत मागे वळली. बाबा हसत होते, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आहेत, बाबा," ती म्हणाली.

"हो," इस्तारी म्हणाला, आणि गावच्या काठाकडे तोंड करून, साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, "आहेत!"

काठावरून आधी शकुबाईंचाच आवाज आला, "आहेत!" मग साऱ्या गावाचा.