एकवीस फुटी वेळापत्रक

लिफ्टचं दार उघडलं आणि कागदाची एक भलीमोठी गुंडाळी माझ्या खांद्यावर येऊन आपटली. गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. बाहेरच्या पावसात तो नखशिखांत भिजला होता, कागद मात्र कोरडा ठणठणीत – कारण रेनकोट त्यानं कागदाला घातला होता.

"लागलं का?"

"खांद्याला. काय आहे हे, गालिचा?"

"वेळापत्रक. एकवीस फूट. लष्कराला सुटे भाग पुरवायची नवी संगणक यंत्रणा कधी तयार होणार, ते सगळं यात आहे."

"मग कधी होणार?"

"हे बघा, कल्पित साहित्य मलाही आवडतं, पण..." त्याची नजर माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर गेली. 'विनिफ्रेड स्टॅडलर, सरकारी लेखापरीक्षक. एकटीने फिरण्यास मनाई.'

"...पण हे वेळापत्रक अत्यंत विश्वासार्ह आहे," तो म्हणाला.

त्याचं नाव लायल प्रूइट. व्हर्जिनियातल्या त्या लष्करी इमारतीत बाहेरच्या माणसाला एकट्यानं पाऊल टाकता येत नाही, सोबत कुणीतरी लागतंच. पुढचे पाच महिने माझी सोबत म्हणून लायलला नेमलं. मी फायली बघायला निघाले की तो मागे. पाणी प्यायला निघाले की तो मागे. स्वच्छतागृहाबाहेर तो मोठ्यानं गुणगुणत उभा राहायचा.

"गुणगुणता कशाला?" मी एकदा विचारलं.

"मी दारापाशी आहे, कान लावून बसलेलो नाही, याचा पुरावा नको? तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो म्हणे."

खरं होतं. लष्कराच्या मोठमोठ्या संगणक प्रकल्पांचं नक्की काय चाललंय, ते आमचं वॉशिंग्टनचं कार्यालय तपासतं आणि संसदेला सांगतं. हा माझ्या नेतृत्वाखालचा पहिला अहवाल होता. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या अहवालांच्या तळटीपा तपासल्या होत्या. या अहवालावर माझं नाव येणार होतं, आणि तो मी चांगलाच लिहिणार होते. त्याबद्दल मला शंका नव्हती.

एका सकाळी लायलनं डोनट पुढे केला.

"घ्या ना."

"ज्यांची तपासणी करतो, त्यांचं काही खायचं नाही. नियम आहे."

"अर्धा?"

"अर्धा नियम नाहीये."

कार्यालयात परतल्यावर मी रीतसर टिपण लिहिलं: 'डोनट देऊ करण्यात आला. नाकारला. वर दालचिनीची साखर होती.' तिसरं वाक्य का लिहिलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

कागदोपत्री तो प्रकल्प कधीच उशिरा चालला नव्हता. उशीर झाला की मूळ तारीखच बदलायची, अशी तिथली पद्धत. अकरा वेळा बदलली होती. एका चाचणीत वाळवंटातल्या तुकडीनं रणगाड्याचा पट्टा मागितला, यंत्रणेनं बर्फ उपसायची चारशे फावडी पाठवली. तक्त्यात ती चाचणी हिरवी, म्हणजे यशस्वी होती.

"ही हिरवी कशी?"

"फावडी वेळेवर पोचली." लायलनं तक्ता स्वतःकडे ओढला. मग हळूच म्हणाला, "विनी... ती लाल आहे. मी लिहून देतो. खाली सही करतो."

त्या इमारतीत मला पहिल्यांदाच कुणी 'विनी' म्हटलं होतं. त्यानं खरंच सही केली. बाहेर पाऊस काचेवर टपटपत होता आणि मी ती सही गरजेपेक्षा जास्त वेळा वाचली... का, याचा माझ्याकडे कुठलाच पुरावा नव्हता.

त्याच दुपारी मी मिसेस ग्रूबरांसमोर जाऊन बसले. अहवालातलं एकेक वाक्य तपासणं हे त्यांचं काम. पुराव्याशिवाय 'आज मंगळवार आहे' हेसुद्धा त्या छापू देत नाहीत.

"मला लायल प्रूइट आवडतो," मी म्हणाले.

"पुरावा?"

"तो दाराबाहेर गुणगुणतो. मी हात तीन-तीनदा धुते."

"काही घडलंय?"

"डोनट. नाकारला. टिपण आहे."

त्यांनी टिपण वाचलं. "दालचिनीचं वाक्य कशाला?"

मी टिपण परत घ्यायला हात पुढे केला.

"हं," त्या म्हणाल्या. "त्यानं दिलेलं प्रत्येक विधान दुसरा माणूस नव्यानं तपासेल. अहवाल निघेपर्यंत भेटायचं नाही. भेटलीस तर अहवालावरून तुझं नाव काढलं जाईल. कबूल?"

"कबूल."

लायलला मी फोनवर सांगितलं. मिसेस ग्रूबर साक्षीला शेजारी बसल्या होत्या.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "म्हणून आता भेटता येणार नाही."

"अहवाल कधी निघणार?"

"मसुद्यावर तुमच्या कार्यालयाचं उत्तर आलं की. तीस दिवसांची मुदत आहे."

"आमच्याकडून आजवर एकही उत्तर मुदतीत गेलेलं नाही. ठाऊक आहे ना, ते लिहितो कोण?"

"कोण?"

"मीच."

"मग माझ्यासाठी गोड लिहू नका," मी बजावलं.

"गोड तुम्हाला चालत नाही, ते टिपणात असेलच," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मिसेस ग्रूबरांनी हे संभाषण नोंदवून घेतलं.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. आमच्या सात शिफारशी होत्या. सहांपुढे 'सहमत'. सातवीपुढे 'अंशतः सहमत', आणि खाली: 'प्रकल्प सहा वर्षं मागे असल्याचे आपण म्हटले आहे. तो सात वर्षं मागे आहे. कृपया दुरुस्ती करावी.'

मिसेस ग्रूबर दोन दिवस कागद चाळत बसल्या. सातच वर्षं निघाली.

"ज्याची तपासणी, त्यानंच आपली चूक वाढवून मागितली, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "याला तू आवडत असशील, पण खरं जास्त आवडतं. ठेव याला."

अहवाल निघाला, माझ्या नावानं. संध्याकाळी पाचला कार्यालयाच्या पायऱ्यांवर भेटायचं ठरलं. लायल अकरा मिनिटं आधी आला. पुन्हा चिंब. या वेळी रेनकोट डोनटच्या खोक्याला घातला होता.

"वेळेआधी? तू?"

"तारीख बदलावीशी वाटली नाही." तो पायरीवर शेजारी बसला. "वेळापत्रकावरून काढलं मला."

"अरे..."

"चाचण्यांवर टाकलंय. सकाळी पहिलं काम – फावडी लाल केली."

मी डोनट घेतला. दालचिनीचाच होता. खांद्याला खांदा टेकला, तोच खांदा.

"मग पुढचं वेळापत्रक?" मी विचारलं.

त्यानं खिशातून चार बोटं रुंदीची चिठ्ठी काढली. 'आज – जेवण. उद्या – पुन्हा.' खाली सगळं कोरं.

"बाकीचं?"

"पुराव्याशिवाय लिहीत नाही आता... तू देशील तसं भरीन."

पेन नव्हतं. मी 'उद्या'वर अंगठा टेकवला. साखरेचा ठसा उमटला. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, आणि खालची कोरी जागा केव्हाच भरून गेली.