पाणी चढलं की कापड सरकतं

“कितने फुट की टाकी है?” मुकेशभाईंनी विचारलं.

“टाकी नाही. ग्राइंडर आहे,” समोरचा तरुण म्हणाला.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला विनिता उभी होती. ती हसली नाही, पण हातातला फिल्टरचा स्पंज तिने उगाचच दोनदा उलटापालटा केला.

“साईं, ही माशांची दुकान आहे,” मुकेशभाई म्हणाले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वीस वर्षं धंदा करूनही त्यांचं मराठी त्यांच्याच नियमांनी चालायचं.

“माहीत आहे. आमच्या मशीनचा पंप जळालाय. नवीन येईपर्यंत दोन दिवस तुमचा छोटा पंप चालवतो. पाणीच तर फिरवायचंय.”

“बिचारा पंप,” विनिता हळूच म्हणाली. “मासे बघायला मिळतील म्हणून वाट बघत बसला असेल.”

तो वळला. कानावर पेन्सिल, शर्टाला तेलाचा डाग, आणि डोळ्यांत खरोखरच पंपाबद्दल वाईट वाटल्यासारखं काहीतरी. “दोन दिवसांनी परत आणून देतो,” तो म्हणाला. “त्याला सांगा.”

आता मात्र तिला हसू आलं. बाहेर श्रावणातलं ऊन-पावसाचं चाललं होतं. पंप पिशवीत घालून झाला, पण तो तरुण पाऊस थांबायची वाट बघत तिथेच उभा राहिला. पाऊस तसा थांबलाच होता.

विनिताने मुकेशभाईंसमोर स्पंज ठेवला. “हा नको. मला आपोआप साफ होणारा फिल्टर पाहिजे.”

“मॅडम, आटोमॅटिक इधर कोई रखता नहीं. बाहेरून मागवायला तीन महिने.”

“माझ्याकडे तीन आठवडे आहेत.”

तिच्या घरी, बदलापूरला शिरगावात, साडेतीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिच्या बाबांनी, बबनरावांनी, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती उभी केली होती. आत क्लाउन माशांची जोडी, एक लाल-पांढरा झिंगा आणि मऊ प्रवाळाचे सात गुच्छ. प्रवाळ समुद्रातून तोडलेलं नव्हतं, एका हौशी मित्राच्या टाकीत वाढलेले तुकडे बाबांनी मागून आणले होते. अशा टाकीत माशांचं उरलेलं खाणं आणि घाण एका कापडी पिशवीत अडकते. अडकलेली घाण पाण्यातच राहिली तर कुजते, आणि कुजली की पाणी बिघडतं. म्हणून ती पिशवी दर दोन दिवसांनी वाकून काढायची, धुवायची, परत लावायची. मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगाला लकवा आला. तेव्हापासून हे काम विनिता करत होती. आता तिला बँकेत नोकरी लागली होती, आणि एक तारखेपासून दीड महिना पुण्याला प्रशिक्षण होतं. आई नर्स, तिची ड्युटी बारा-बारा तासांची.

“विकून टाक टाकी,” बाबा म्हणाले होते. “मुकेशला सांग, गिऱ्हाईक बघ.” हे सांगताना त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

मुकेशभाईंनी गिऱ्हाईक बघितलंही होतं. एक तारखेला माणूस टाकी न्यायला येणार होता.

“पिशवीच्या जागी…” तो तरुण मधेच म्हणाला. “माफ करा, ऐकू आलं म्हणून. पिशवीच्या जागी सरकतं कापड का नाही लावत? आमच्याकडे आहे तसं.”

“तुमच्याकडे मासे आहेत?”

“नाही. ग्राइंडर आहे.”

त्याचं नाव हिरामण. बारवी धरणाच्या अलीकडच्या एका पाड्यावर त्याचं घर होतं, भाताची थोडी शेती होती, आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत तो ग्राइंडिंगचं काम करायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विनिता ते मशीन बघायला गेली. बरोबर वही नेली होती.

“हे बघा,” हिरामण म्हणाला. “लोखंड घासताना वर पाणी सोडतात. त्या पाण्यात भुकटी येते. पाणी या पांढऱ्या कापडावर पडतं, खाली गाळून जातं, भुकटी वर राहते. कापड तुंबलं की पाणी खाली जात नाही, वर चढतं. पाणी चढलं की हा तरंगता गोळा वर जातो, मोटर चालू होते, आणि कापड वीतभर सरकतं. घाण कापड तिकडे गुंडाळलं जातं, नवं इकडून येतं. पाणी उतरलं, मोटर बंद.”

“म्हणजे घाण पाण्यात राहतच नाही.”

“राहतच नाही.”

विनिताने लिहून घेतलं. “कापड संपलं की?”

“नवा रोल.”

“दिवे गेले की? आमच्याकडे रोज तीन तास जातात. टाकीचा पंप इन्व्हर्टरवर आहे.”

“मग मोटर पण इन्व्हर्टरवर.”

“गोळा अडकला की?”

“दोन गोळे लावू. मॅडम, तुम्ही बँकेत इंटरव्ह्यू दिला होता की घेतला होता?”

“दिला होता. तिथे एवढी चांगली उत्तरं नाही देता आली.”

हिरामणने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग म्हणाला, “टाकीचं माप… मला स्वतः येऊन घ्यावं लागेल.”

“टेप मला पण लावता येते.”

“येते ना. पण चुकली तर?”

तो रविवारी आला. बबनरावांनी त्याला टाकीसमोर खुर्ची दिली आणि म्हणाले, “हात लावायच्या आधी अर्धा तास नुसतं बघ.” तो खरंच अर्धा तास बसला. कोणता गुच्छ दिव्याखाली फुलतो, झिंगा माशाच्या अंगावरची घाण कशी टिपून खातो, सगळं बाबांनी एकेक करून सांगितलं. त्यांची जीभ लकव्यामुळे अडखळायची, पण हिरामणने एकदाही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. विनिता दारातून ते बघत होती. एवढं थांबायला फार थोड्या लोकांना जमतं, हे तिला गेल्या वर्षभरात कळलं होतं.

“मी आईला सांगितलं, मिठाच्या पाण्यातले मासे आहेत,” हिरामण म्हणाला. “ती बोलली, खावाचं नाय तं पालायचं कशाला?”

बाबा हसले. अर्धाच चेहरा हसला, पण बऱ्याच महिन्यांनी हसला.

पुढचे सात दिवस तो संध्याकाळी येत राहिला. ॲक्रिलिकची पेटी, गाडीच्या वायपरची मोटर, दोन तरंगते गोळे, पांढऱ्या कापडाचा रोल. दर वेळी थोडं काम व्हायचं आणि थोडं उरायचं.

“आज पण झालं नाही?” विनिता चहा देताना विचारायची.

“घाईचं काम बिघडतं.”

“कपात साखर किती?”

“आज तिसऱ्यांदा विचारताय. दोन.”

“तुम्ही रोज वेगळं सांगता.”

“मग रोज विचारा…”

ती आत निघून जायची. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायचा.

मशीन बसलं. पहिल्या संध्याकाळी कापड सरकलं, मोटर कुईऽऽ करून थांबली, आणि बाबांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी झिंगा तळाला आडवा पडला होता. प्रवाळाचे सातही गुच्छ मुठी आवळाव्यात तसे मिटले होते.

बाबा बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “यात… पितळ आहे का कुठे?”

विनिताने फोन केला. हिरामण वीस मिनिटांत आला. त्याने रोलची दांडी उपसली. तिच्या दोन्ही टोकांना, दांडी ज्यात फिरते त्या, पितळी बुश होत्या. त्यांच्या कडा हिरवट पडल्या होत्या.

“आमच्याकडे पाण्यातली बुश पितळेचीच असते,” तो पुटपुटला. “गंजत नाही म्हणून. मी विचारच केला नाही.”

“पितळेत तांबं असतं,” बाबा शांतपणे म्हणाले. “खाऱ्या पाण्यात ते उतरतं. माशांना थोडं चालतं. झिंग्याला, प्रवाळाला विष.”

विनिताच्या हातात मेलेला झिंगा होता. एक तारीख सहा दिवसांवर होती. आणि तिच्या तोंडून गेलंच, “मुद्दाम तर नाही ना केलंत? परत परत यायला मिळावं म्हणून?”

हिरामणने दांडी खाली ठेवली. त्याचा चेहरा असा उतरला की तिला ते शब्द लगेच परत घ्यावेसे वाटले.

“मशीन बिघडवून मी कोणाच्या घरी जात नाही, मॅडम,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. काय करायचं ते फक्त सांगा.”

करायचं होतं ते सोपं होतं आणि जड होतं. तीन दिवस रोज टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं, गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ घालून तेवढंच नवं भरायचं, आणि तांबं शोषायला कोळशाची पिशवी टाकायची. हिरामण कामावरून थेट यायचा, कॅन उचलायचा, पाणी भरायचा. विनिता मीठ मोजायची. साखरेबद्दल कोणीच काही विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं बादलीत मीठ ढवळत असताना ती म्हणाली, “मी बोलले ते… चुकलं.”

“रागात होतात.”

“रागात होते, म्हणून काय झालं? चुकलं ते चुकलंच.”

त्याने काठी तिच्या हातातून घेतली. “इतकं जोरात ढवळू नका,” तो म्हणाला. “मीठ विरघळतं आपोआप. जरा वेळ लागतो.”

चौथ्या दिवशी सकाळी एक गुच्छ उघडला. दुपारपर्यंत पाच. हिरामणने नायलॉनची बुश स्वतः कातून आणली होती. ती त्याने आधी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली, नखाने खरवडली आणि मान हलवली. मग ती बसली.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी एक तारीख. बाबा म्हणाले, “माझ्यासमोर कापड चार वेळा आपोआप सरकू दे. मग मुकेशला फोन करीन.”

मग तिघं टाकीसमोर बसून राहिले. कापड तुंबायला वेळ लागतो, त्याला घाई करता येत नाही. साडेअकराला पहिल्यांदा मोटर बोलली. एकला दुसऱ्यांदा. आई ड्युटीवरून आली, तिघांना तसंच एका ओळीत बसलेलं बघून काही न विचारता भात लावायला गेली. तीनच्या सुमारास दिवे गेले. तिघं टाकीकडे झुकले. इन्व्हर्टर चालू झाला, पंप चालत राहिला, आणि थोड्या वेळाने गोळा हळूच वर आला… मोटर फिरली, पांढरं कोरं कापड बोटभर पुढे आलं.

चौथ्यांदा सरकलं तेव्हा सव्वापाच झाले होते. बाबांनी डाव्या हाताने फोन लावला. “मुकेश, माणूस नको पाठवूस. नाही विकायची.” मग त्यांनी काठी घेतली. “मी खाली चक्कर मारून येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“बाबा, तुम्ही सकाळी चाललात.”

“आज दोनदा चालतो,” ते म्हणाले आणि जाताना दार उघडंच ठेवून गेले.

हिरामण पाने-पक्कड पिशवीत भरू लागला. एकेक वस्तू पुसून, सावकाश.

“हा रोल चार महिने जाईल,” तो टाकीकडे बघत म्हणाला. “दुसरा कपाटात ठेवलाय. बसवायचा कसा ते तुमच्या आईंना दाखवलंय. आता मला बोलवायची… तशी गरज पडणार नाही.”

विनिताने खाली राहिलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “नवी बुश बसवताना मनात आलं. एक स्क्रू जरा ढिला ठेवावा.”

“ठेवलास?”

“नाही. दोनदा आवळला.”

तिने त्याला अरेतुरे केलं होतं, हे दोघांच्याही बरोबरच लक्षात आलं. ती टाकीवरचा नसलेला डाग ओढणीने पुसू लागली.

“आईला सांगितलंय मी,” हिरामण म्हणाला. “तुमच्याबद्दल. कोण, कुठले, सगळं.”

तिची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे गेली. “काय म्हणाल्या?”

“दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी वाढताना विचारलं, ती पोरगी सुकट खाते का?”

“खाते,” विनिता म्हणाली. “चटणी करून.”

“सांगतो तिला.” त्याने पिशवीची चेन लावली. लावून झाल्यावर परत उघडली, आणि परत लावली. “मग… निघू?”

“चार महिने गरज नाही म्हणतोस ना?”

“नाहीच.”

“मग गरज नसताना ये.”

त्याने वर बघितलं. “पण तू तर उद्या पुण्याला…”

“हो. पुण्याला मशीन नाही,” ती म्हणाली. “तिथे आलास, तर कशासाठी आलास ते मला न विचारता कळेल.”

हिरामणने कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यापुढे धरली. “पत्ता लिही,” तो म्हणाला. विनिताने इकडेतिकडे कागद शोधला. मग कपाटातल्या कोऱ्या रोलचं टोक वीतभर कापलं आणि त्या पांढऱ्या कापडावर पुण्याचा पत्ता लिहून दिला.