भोंगा वाजवणारा पिंगळा

“ढोलीत पिल्लं हायेत असं कळलं ना भूमे, तर ती उडेस्तोवर ती वाट सोडायची. झाडाकडं बोट बी दाखवायचं नाय. कबूल?”

दिवाळीच्या सुट्टीत तानसाच्या जंगलातल्या शिबिराला निघताना धाऊआजाने भूमिकेकडून हे वदवून घेतलं होतं.

आणि आज पल्लवीताई तंबूकडे परतल्या त्या उतरल्या चेहऱ्यानेच. त्या वन पिंगळ्याचा अभ्यास करत. वन पिंगळा म्हणजे दिवसाढवळ्या शिकार करणारं, जगात थोडंच उरलेलं इवलंसं घुबड.

“चौकीच्या वाटेवरच्या ढोलीत पिल्लं आहेत. पण सकाळपासून बापाने एक घास आणलेला नाही! ओढ्यापलीकडे दुसरा नर ओरडतोय, हा त्याला हुसकायला तिकडेच धावतो. पिल्लं उपाशी आहेत गं.”

भूमिकेच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तेवढ्यात ओढ्यापलीकडून पिंगळा ओरडला. तिने कान टवकारले आणि शेजारी बसलेल्या शिबिरातल्या धम्मपालला हलवलं.

“धम्म्या, ऐकलंस? पिंगळ्यामागून गाडीचा भोंगा!”

“हॅ! इथं कुठली गाडी गो?” धम्मपाल हसला.

“गप! परत ऐक.”

पिंगळा ओरडला. मागोमाग तोच भोंगा!

“आयला! हा काय आटगाव स्टेशनात बसलाय?”

“पिंगळा नाय रे, रेकॉर्डिंग हाय ते! चल!”

ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत हिरव्या फडक्यात गुंडाळलेला स्पीकर होता. पुढे दोन माणसं पाठमोरी, पिंगळा जवळ येण्याची वाट बघत, मोठाले कॅमेरे रोखून बसली होती.

“बंद करू?” धम्मपाल कुजबुजला.

“नको. मग म्हणतील, आमचा नायच!”

तिने स्पीकर पिशवीत टाकला आणि दोघं ओढ्याकाठाने चौकीकडे पळत सुटली. पिशवीत पिंगळा ओरडतोय, भोंगा वाजतोय!

“पोरांनो, पिंगळा धरलात की काय?” वनरक्षक अनंताकाका चहा ठेवून उठले.

“थांबा काका, मालक येतायत!”

आवाजामागे धापा टाकत दोघे आलेच. “या पोरांनी आमचा स्पीकर चोरला!”

“तुमचाच? नक्की?”

“नक्की!”

“झालं तर! बसा. रेकॉर्डिंग लावून पाखरांना फसवणं गुन्हा आहे. आता जबाब लिहून घेतो.”

थोड्या वेळाने पल्लवीताई धावत आल्या. “आला! सरडा घेऊन आला गं!” “शाब्बास पोरांनो! तंबूकडे जाताना दुर्बिणीतून पिल्लं दाखवते. पहिला मान भूमिकेचा!”

“गुणाची पोर,” काका म्हणाले.

भूमिकेला केवढं बघायचं होतं! तिने ढोलीच्या दिशेला नुसते हात जोडले.

“ताई, ती उडाली की सांगा.”

“अगो, ओढ्याकडून लांब पडतं!” धम्मपाल ओरडला.

पण भूमिका हळूच लांबच्या वाटेला लागली होती.