रिकामा उतारा

संध्याकाळचे पाच वाजत आले, की विरूपाक्ष हातातला पाना खाली ठेवायचा, पाण्याच्या टबात हात बुचकळायचा आणि आईला रस्ता ओलांडून द्यायला निघायचा. रस्ता तसा मोठा नव्हता. आईच्या चालीनं चाळीस पावलं.

लातूरच्या जुन्या जकात नाक्याच्या कोपऱ्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत तो आणि आई गुरम्मा राहायचे. समोरच्या अंगाला तनुजाताईंची मेस. तिथं क्लासची पोरं जेवायची आणि त्यांच्या पोळ्या गुरम्मा लाटायची. दोन वर्षांमागं याच रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीनं तिच्या डाव्या पायावरून चाक नेलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. तेव्हापासून ती पाय ओढत चालायची. रात्री तनुजाताई तिला स्कुटीवर घरी सोडायच्या, पण पाच वाजता त्यांना मेसमधून हलता येत नसे. मग आठवीत शाळा सुटलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा विरूपाक्ष गाड्यांपुढं हात वर करून उभा राहायचा.

हात वर केला म्हणून कोण थांबतंय! उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत अंगावर यायचा. एका स्कुटीवर तिघं बसलेली पोरं उलट्या बाजूनं घुसायची. नाक्यावरचा रिक्षावाला भारत तर मुंडकं बाहेर काढून ओरडायचा, "म्हातारीला घरी बसव की बे! रस्ता काय फिरायला हाय व्हय?" विरूपाक्षच्या ओठांवर उत्तर यायचं आणि तिथंच विरघळायचं. आईची बोटं त्याच्या दंडात रुतलेली असायची. ती पकड त्याला रात्री अंथरुणातसुद्धा जाणवायची. एक दिवस ही बाई इथंच जाणार, माझ्या हाताला धरून जाणार, असं त्याला वाटायचं.

एका अमावस्येला कुणीतरी रस्त्याच्या मधोमध उतारा ठेवून गेलं. पत्रावळीवर भात, चिरलेलं लिंबू, हळदकुंकू, एक काळी बाहुली. कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेली पीडा. विरूपाक्ष दुकानातून बघत राहिला. ट्रॅक्टर वळला. स्कुटीवरची पोरं वळली. भारतनं दहा हात आधी ब्रेक मारला, गळ्यातल्या ताइताला बोटं लावली आणि अगदी कडेनं रिक्षा काढली. पत्रावळीच्या दोन्ही अंगांना बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी विरूपाक्षनं स्वतःच एक उतारा मांडला. भात घरातला, लिंबू कोपऱ्यावर बसणाऱ्या लक्ष्मीबाईकडचं, बाहुली जुन्या ट्यूबच्या रबराची. मग तो आईला घेऊन निघाला. गाड्या फाकल्या. हॉर्नसुद्धा कमी झाले.

"आज काय रं," आई म्हणाली, "लोकं शहाणी झाली का काय?"

तिची बोटं पहिल्यांदाच सैल पडली होती. विरूपाक्ष मनातल्या मनात लई खूश झाला. त्या दिवसापासून तो रोज उतारा मांडू लागला.

आठ-दहा दिवसांनी त्याला एक गोष्ट खटकली. ते दोघं पलीकडं पोचायचे, आई मेसमध्ये शिरायची, तरी गाड्या हलत नसत. घाईनं मरणारी ही माणसं ब्रेक धरून गप उभी. विरूपाक्षला आधीपासून एक खोड होती. ट्यूब कुठं फुटलीय हे बुडबुडा दिसेपर्यंत तो पाण्यात बघत बसायचा. तसाच तो इथं बघत राहिला. मनात आकडे मोजले. एकोणिसाव्या आकड्याला पहिला हॉर्न वाजला आणि सगळा लोंढा सुटला. दुसऱ्या दिवशीही एकोणीसच. तिसऱ्या दिवशी त्यानं माणसांचे डोळे बघितले. सगळ्यांची नजर रस्त्याच्या त्या काठापासून या काठापर्यंत हळूहळू सरकत होती. चालत्या माणसाबरोबर सरकते तशी. डिझेलच्या धुरात ओल्या हळदीचा वास येत होता.

तो धीर करून भारतच्या रिक्षाजवळ गेला.

"दादा... तुम्ही कोणासाठी थांबला होता?"

"कोणासाठी म्हणजे?" भारत हसला. "तुमच्या मागं ती दुसरी बाई न्हाई का येत? पाय ओढत. तुमच्याच घरची ना?"

"हाव," विरूपाक्ष म्हणाला.

त्या संध्याकाळनंतर त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याला भीतीपेक्षा ती बाई कोण, हे कळून घ्यायची ओढ जास्त लागली. चालता चालता तो झटकन मागं वळून बघायचा. उन्हात तापलेला रिकामा रस्ता दिसायचा, आणि त्या रस्त्यावर चप्पल घासल्याचा आवाज यायचा. आईची चप्पल तर त्याच्या शेजारी घासत असायची.

"रोज एकच लिंबू नेतोस रं," लक्ष्मीबाई एकदा म्हणाली. "सरबताला पुरंना, लोणच्याला पुरंना."

विरूपाक्षचे कान लाल झाले.

"रस्त्यावरचं ते तूच मांडतोस ना? कोणावरून उतरवतोस?"

"कोणावरून न्हाई, मावशी. नुसतंच मांडतो. आईला वाट मिळावी म्हणून."

टोपलीतला तिचा हात थांबला.

"नुसतंच?... अरे, कोणाची तरी पीडा घेऊन ठेवायचं असतं ते. रिकामं ठेवलं, तर ते आपलं आपण माणूस हुडकतं. ज्याच्यासाठी वाट केलीस ना, त्याच्याच मागं लागतं बाबा."

"आईच्या...?"

लक्ष्मीबाईनं पदर सारखा केला.

"मग... बंद करतो मी."

"आता बंद करून काय होतंय? मागं लागलंय ते. एकदा नीट मांड. एका माणसाचं नाव घे, त्याच्या अंगावरून सात बार उतरव, मग ठेव. मग ते त्याचं होतं. बाकीच्यांना सोडतं."

"कोणाचं नाव घेऊ?"

"ते मी कसं सांगू लेकरा?"

त्या संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून विरूपाक्ष आत उभा राहिला. पत्रावळ स्वतःच्या डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवली आणि स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. मग त्यानं उतारा रस्त्यावर ठेवला आणि आईला हाक मारली.

गाड्या थांबल्या. ट्रॅक्टर थांबला, एक पाण्याचा टँकर थांबला, भारतची रिक्षा थांबली. मागं दुसरी चप्पल घासत होती. दहा पावलं... पंधरा... बरोबर उताऱ्यापाशी तो आवाज बंद पडला. हळदीचा वासही गेला. सुटलो एकदाचे, असं त्याला वाटलं. अंग कसं हलकं हलकं झालं होतं. इतकं, की त्यानं दंडाकडं बघितलं. आईची बोटं दंडावरच होती. घट्ट धरलेली दिसत होती. जाणवत मात्र नव्हती.

ते पलीकडं पोचले. मेसच्या पायरीवर तनुजाताई पिठाच्या हातानं उभ्या होत्या.

"या काकू. आज एकट्याच आलात? विरू न्हाई आला सोडायला?"

विरूपाक्ष त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ताई चेष्टा करतायत असं वाटून तो लाजून हसला.

गुरम्मा मागं वळली. तिची नजर त्याच्या तोंडावरून सरळ पुढं गेली, रस्त्यावर जाऊन थांबली, आणि तिचा चेहरा उजळला.

"तो काय, येतोय की," ती म्हणाली. "आज जरा हळू चालतोय."

विरूपाक्षनंही वळून बघितलं. दोन्ही अंगांना गाड्या ब्रेक धरून उभ्या होत्या. एकही हॉर्न वाजत नव्हता. मधला रस्ता रिकामा होता, आणि भारतची मान अगदी सावकाश या काठाकडं वळत होती. कोण येतंय ते बघायला विरूपाक्ष तिथंच उभा राहिला.