पोळ्याच्या रात्रीची शीशी

लाईट येईलस्तोर बसा चुपचाप. अनुराग, तो मोबाईल ठेव बाजूले. ओवी, तू हसून राह्यली, पण रात्री पाणी प्याले उठशीन तर तुह्या त्र्यंबकआजोबालेच हाक मारशीन.

हे टिकारामनं स्वतः मले सांगतलं. खैरलांजीकडचा माणूस, गोष्टी रचाची त्याले अक्कलच नाई. गावच्या विहिरीचं पाणी तपासाचं काम त्याच्याकडे. काचेची लहान शीशी राहते, आत औषधाची कोरडी पट्टी. पाणी भराचं, दिवसभर ठेवाचं. काळं पडलं का पाणी खराब. मंग विहिरीवर लाल फुली, अन् बायाईले अर्ध्या कोसावरून पाणी. म्हणून गावाची रीतच पडली होती. आदल्या रात्री विहिरीत ब्लिचिंग पावडर ओताची, सकाळी शीशी भराची. एरवी वर्षभर चिमूटभर नाई.

"मतलब चीटिंग?"

हौ बाप्पा, चीटिंग. अन् सारं गाव सामील.

आदल्या पावसाळ्यात टिकारामची बायको शेवंताबाई हगवणीनं गेली. त्याचा संशय शेजारच्या प्रेमलालवर. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण होतं, त्यानंच विहिरीत काही टाकलं म्हणे. आपलं ठेवाचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहाचं वाकून. आपल्या पावडरीवर त्याचा संशय कधी गेलाच नाई.

तं गेल्या पोळ्याची रात्र. अवस. दुसऱ्या दिवशी नारबोद, सकाळीच पोरं ओरडत रोगराई गावाबाहेर काढणार, अन् त्याच सकाळी शीशी भराची होती. जेवणं झाले. सून आम्रपाली पोटुशी, आठवा लागलेला. दारातच विचारते, "मामाजी, पाणी चांगलं हाय ना आपलं? आता मी एकटी नाई पेत."

"शीशी कधी काळी पडली का, पोरी?" असं म्हणून निघाला. हातात पावडरीची थैली. काखेत काठी, प्रेमलाल सापडला तर म्हणून. खिशात उद्याची सीलबंद शीशी.

विहिरीजवळ आला तं पाणी ओढाची गडगडी वाजून राह्यली होती. त्याले वाटलं, सापडला आज. टॉर्च बंद केला. झाडाआड दबकला.

प्रेमलाल नव्हता. बाई होती.

पाठमोरी. बादली ओढे, ओट्यावर ओतून दे. पुन्हा ओढे. पुन्हा ओतून दे. घागर बाजूले रिकामीच.

"कोण व्हय?"

बादली पुन्हा खाली गेली.

"कोणाची वं तू? पाणी काहून फेकून राह्यली?"

गडगडी थांबली. बाई वळली नाई. पदर दातात धरला... अन् डाव्या हातानं दोर सोडला. गावात डावखुरी एकच होती.

"शेवंता...?"

टॉर्च लावला.

कोणी नाई. घागर नाई. ओटा कोरडा. दोर... कोरडा.

थैली तिथंच टाकून पळाला. घरी आम्रपाली लोटा तोंडाले लावतच होती. त्यानं हिसकून आंगणात फेकला. "पिऊ नोको. शीशी खोटी हाय. मीच खोटी करत आलो." अन् उंबऱ्यावर बसून रडला. बायको गेली तेव्हा नव्हता रडला एवढा.

नारबोदच्या दिवशी त्यानं पावडर न टाकता दुसरी शीशी भरली. दुसऱ्या सकाळपर्यंत काळीकुट्ट. फुली लागली. गाव त्याच्याशी बोलणं सोडून बसलं. तो गडी स्वतः अर्ध्या कोसावरून सुनेसाठी घागर आणे. नात झाली. चांगली हाय, मी पाहून आलो.

"पण आजोबा, दुसरी कशाले? पहिली होती ना त्याच्या खिशात?"

तू हे विचारशीन, मले ठाऊक होतं, ओवी. ती पहिली शीशी त्यानं मले दाखवली. म्या हातात घेतली, उजेडात धरून पाह्यली. झाकणाचं सील जसंच्या तसं. कुठी चीर नाई.

आत गळ्यापर्यंत पाणी होतं... काळं.