टेंडरचा झिजलेला आकडा

आमच्या रणधीरला पितळेचं इंजिन करायला दोन वर्षं लागली. ढोकीच्या पुढं आमचं गाव. तिथून पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी जायची. तिची आठवण म्हणून पंचायतीनं काचेचं कपाट आणलं आणि पोराकडं इंजिन मागितलं. इंजिनामागं कोळशा-पाण्याचं टेंडर, त्यामागं एक मालडबा. टेंडरला त्यानं मोहरीएवढे रिवेट मारले, शिडी लावली, चुलीतला कोळसा कुटून भरला. हात बापाचाच.

डबा अडकवायचा आकडा मात्र त्यानं नवाकोरा बसवला.

"काढ तो," म्या म्हणलं. "तुझ्या बापाच्या टेंडरचा आकडा झिजलेला होता."

माझे मालक टेशनात डबे जोडायचे. पस्तीस वर्षांमागं, दुपारी दोन दहाला, इंजिन निघालं आणि टेंडरमागचा डबा सुटून मागं आला. रुळाच्या टोकाला लाकडी ठोकळा होता. मालक त्या ठोकळ्यात आणि डब्यात सापडले. चौकशीवाल्यांनी लिहिलं, आकड्याला खीळ घालायची विसरले. मेलेला माणूस उठून सांगायला येत न्हाय, हे त्यांना चांगलं ठाऊक. पण आठच दिवस आधी मालकांनी त्या आकड्यावर ओली माती दाबून ठसा आणला होता, साहेबाला दाखवायला. साहेबाला बघायला वेळ न्हवता. म्या तो चुलीत भाजून ठेवला.

रणधीरनं भिंग लावून ठशाबरहुकूम नवा आकडा घासला. खीळ घातली, डबा जोडला.

दुसऱ्या दिवशी जेवून उठले, तर डबा सुटून मागं गेलेला. खीळ जाग्यावर. रणधीरला वाटलं, म्या हात लावला.

"या वयात मला गाडी-गाडी खेळायची हौस आली व्हय?"

तिसऱ्या दिवशी तेच. त्यानं गाडीखालच्या फळीवर लेवल ठेवली, बुडबुडा मधोमध. मग खिळीला कथील वितळवून डाक दिला, हलूच नये म्हणून. पंखा बंद करून आम्ही दोघं समोर बसलो. दोन दहा झाले. जळक्या तेलाचा वास आला, मालकांच्या सदऱ्याला यायचा तसा. टक् वाजलं. डबा सरकला. खीळ डाकासकट तिथंच.

रणधीर उठून दारात जाऊन उभा राहिला. "आई, हे द्यायला नको."

"आता तर देणारच."

शाळेतनं निवृत्त झालेले राघवेंद्र गुरुजी कपाटावर लावायची पाटी लिहून घेऊन आले. खीळ घालण्यात चूक झाल्याने अपघात, असं त्यांच्या सुंदर अक्षरात. माणूस वाईट न्हाय, पण कागदापुढं त्यांना दुसरं काही दिसत न्हाय. सरकारी नोंद तशीच आहे, म्हणाले. म्या दोन यत्ता शिकलेली, नोंदीशी काय भांडणार, असंही तोंडावर होतं.

"भांडत न्हाय," म्या म्हणलं. "चहा घ्या. दोन दहापर्यंत बसा."

कपाट आमच्या ओसरीवरच उतरवलेलं. गाडी आत, बाहेरनं कुलूप, किल्ली गुरुजींच्याच खिशात घालायला लावली. ते माझी समजूत काढल्यासारखे हसत बसले.

टक्.

काचेआड डबा सरकला. गुरुजींनी कपबशी खाली ठेवून कुलूप ओढून बघितलं. मग त्यांनी पाटी पालथी केली आणि पेन काढलं.

"काय लिहू, द्वारकाबाई?"

"खीळ घातलेली होती. आकडा झिजलेला होता. आणि माणसाचं नाव लिहा."

मालकांचं नाव म्या उभ्या जन्मात उखाण्याबिगर घेतलं न्हवतं. त्या दिवशी गुरुजींच्या तोंडावर घेतलं.

"हिंमतराव."

गुरुजींनी लिहिलं, किल्ली ठेवली आणि चहा तसाच टाकून गेले.

रणधीर कपाट उघडून आत बघत होता. फळीच्या टोकाला त्यानं तसाच लाकडी ठोकळा बसवला होता. डबा त्याच्यापर्यंत कधी पोचतच न्हाय, जरा अलीकडं थांबतो. त्यानं फळी एका बाजूनं उचलली. चांगला उतार दिला.

डबा हलला न्हाय.

त्यानं मधली जागा पट्टीनं मापली. मोठ्या गाडीच्या मापानं किती, ते मनात मांडलं.

"आई, एका माणसाच्या छातीएवढी भरतीय."

म्या त्या फटीत करंगळी घातली.

डबा गार होता. ठोकळा गार होता.

मधे ऊब होती.