नात्याचा रकाना

पहिल्यांदा तो आला तोच चुकीच्या खिडकीवर. रक्त पलीकडे घेतात, इथं नुसतं तपासतात, हे सांगायला तिनं मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले, तर तो हसू दाबत तिच्याकडेच बघत होता.

"काय झालं?"

"तुमच्या डोळ्यांभोवती दोन कडी उमटलीत. माझ्या एकाच डोळ्याभोवती असतं. घड्याळं दुरुस्त करतो ना... भिंग लावून लावून."

तेव्हापासून ती 'ठिपकेबाई' नि तो 'घड्याळवाले'. दर तीन महिन्यांनी तो यायचा. त्याला रक्ताचा, संथ चालीचा कॅन्सर होता. नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांत गेले होते. काचेवर एक तुकडा लाल चमके, एक हिरवा; चिकटले की पिवळा. पिवळा ठिपका म्हणजे आजार.

"म्हणजे दोघं जवळ आले की वाईटच?"

"मी पेशीतलं सांगतेय."

"मी तरी दुसरं कुठं म्हणालो?"

ती लाजून टेबल पुसू लागली. पुसलेलंच.

वर्षभर गोळ्या गुण देत होत्या. या सोमवारी मात्र त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेलेला तिला दिसला. "ताप येतो हल्ली," तो सहज म्हणाला नि नमुन्याच्या नंबराची पावती पुढे केली. "हा आकडा एक आहे की सात?"

"सात," ती म्हणाली. आणि तिथंच चुकली. नमुन्यावर नाव नसे, नुसता नंबर. आजवर कुठला त्याचा, हे तिला कधीच कळलं नव्हतं. आता कळला.

गुरुवारी अंधाऱ्या खोलीत तोच नंबर तिच्या हातात आला. मनोमन देवाचं नाव घेत तिनं मोजायला सुरुवात केली. सतरा पेशी साफ. अठराव्या पेशीत लाल नि हिरवा इतके जवळ... चिकटलेत? की नाही? 'नाहीत,' मन म्हणालं. 'नसू देत.'

ती दचकून उठली. लॅब सांभाळणाऱ्या ताईंचा नियमच होता — आपल्या माणसाचा नमुना आपण मोजायचा नाही. माया आली की डोळा लबाडी करतो.

तिनं नमुना दुसऱ्याकडे मोजायला देण्याचा कागद ताईंपुढे ठेवला. चष्म्यावरून बघत ताई म्हणाल्या, "नात्याचा रकाना रिकामा आहे."

"नंतर भरते, ताई."

"बरं. जा, बाहेर बस."

बाहेर बाकावर तो रिपोर्टसाठी बसला होता. ती शेजारी बसली, पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला.

"आज मोजत नाही?"

"तुमचं मला मोजता येत नाही."

ताईंच्या दाराखालची फट काळी होती. तिथं दिवा लागला की मोजणी संपली. दोनशे पेशी... तिचे हात गार पडले होते. त्याचेही, हे त्यानं हात धरल्यावर तिला कळलं.

फटीतून उजेड आला. ताई दारात उभ्या राहिल्या. चेहरा नेहमीसारखाच, काही म्हणजे काही कळू न देणारा.

"दोनदा मोजलं. एकही पिवळा नाही. ताप कशाचा ते डॉक्टर बघतील." मग त्यांनी कागद पुढे केला. "हे भरल्याशिवाय रिपोर्ट जाणार नाही."

तिनं पेन घेतलं. डोळ्यांत पाणी आल्यानं रकाना हलत होता.

"काय लिहिताय?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं दोनच शब्द लिहिले नि कागद त्याच्याकडे वळवला.

'माझं माणूस.'

त्यानं भिंग लावून वाचावं तसं कितीतरी वेळ वाचलं. "ठिपकेबाई," तो म्हणाला, "खाली माझी सही चालेल का?"